पदार्थ तोच, साखळी आखूड: पॉलीकार्बोनेटच्या तडकलेल्या झाकणांचे प्रकरण

हे प्रकरण एका इंजेक्शन मोल्डिंग कारखान्यातले आहे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणाऱ्या कारखान्यातले. मी तेव्हा तिथल्या गुणवत्ता विभागात होते. कारखाना, ग्राहक आणि कच्च्या मालाचा पुरवठादार यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे आमच्या नोंदवहीतले आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

आम्ही एका मोजमाप यंत्रासाठी पारदर्शक संरक्षक झाकण बनवत होतो. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, मधे काचेसारखा स्वच्छ पृष्ठभाग, भिंतीची जाडी अडीच मिलिमीटर. पदार्थ पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. हा पदार्थ निवडण्याचं कारण एकच: तो पारदर्शक असूनही हातोडीचा घाव सोसतो. दीड वर्ष एकही तक्रार नव्हती.

मग मागणी वाढली. दोन पोकळ्यांचा साचा काढून चार पोकळ्यांचा बसवला. दोन नग निघायचे त्याच वेळात चार निघू लागले. सगळे खूश होते, मीसुद्धा.

अडचण

नवा साचा लागल्यावर पाचव्या आठवड्यात ग्राहकाकडून निरोप आला: झाकणं स्क्रूच्या भोकापासून तडकत आहेत. काही बसवतानाच, काही बसवल्यावर आठवडाभरात. परत आलेले नग हातात घेतले तेव्हा मला खरा धक्का बसला तो तुटलेल्या कडेचा. चांगलं पॉलीकार्बोनेट तुटायच्या आधी ताणलं जातं, कडेला पांढरट ओढ दिसते. इथे कडा काचेसारखी सरळ आणि चकचकीत होती. झाकण न ताणताच फुटलं होतं.

दिसायला मात्र नग निर्दोष. पिवळेपणा नाही, बुडबुडे नाहीत, चंदेरी रेघा नाहीत. कच्च्या मालाचे दाणे ओले राहिले की पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटतात हे मोल्डिंगच्या कामातल्या कुणालाही माहीत असतं. रेघा नाहीत म्हणजे ओलाव्याचा प्रश्न नाही, असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं. तपासाची दिशा इथेच चुकली.

तुटलेला तुकडा आणि नवे दाणे दोन्ही इन्फ्रारेड तपासणीला पाठवले. अहवाल आला: दोन्ही वर्णपट तंतोतंत जुळतात, पदार्थ पॉलीकार्बोनेटच आहे, भेसळ नाही. त्या अहवालावर ‘कच्चा माल योग्य’ असा शेरा मारून आम्ही तो फाइलला लावला. अहवाल खरा होता. आम्ही त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

साखळी म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबून रेणूकडे बघायला हवं, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत.

साधा रेणू म्हटला की त्याचा रेणुभार ठरलेला असतो. पाणी १८, त्यात कमीजास्त काही नाही. पॉलिमरचं तसं नाही. एकच घटक पुन्हा पुन्हा जोडला जाऊन साखळी बनते आणि प्रत्येक साखळी वेगळ्या लांबीची असते. म्हणून पॉलिमरचा रेणुभार नेहमी सरासरीत सांगतात, आणि सरासरीही दोन तऱ्हांची असते. साखळ्या नुसत्या मोजून काढलेली ती संख्या-सरासरी. लांब साखळीला तिच्या वजनाइतका मान देऊन काढलेली ती भार-सरासरी. आमच्या दाण्यांची भार-सरासरी साधारण २७,००० होती आणि संख्या-सरासरी त्याच्या निम्मी, १३,५००. पॉलीकार्बोनेटच्या एका घटकाचं वजन २५४. म्हणजे सरासरी साखळीत त्रेपन्नच्या आसपास घटक.

साखळीच्या आत अणूंना जोडणारे सहसंयुज बंध भक्कम असतात. दोन शेजारच्या साखळ्यांमधलं आकर्षण त्या मानाने फार दुबळं. मग पदार्थ घाव सोसतो कसा? गुंत्यामुळे. लांब केसांचा गुंता ओढून सुटत नाही. बारीक कापलेल्या केसांचा गुंता होतच नाही. केस तेच, फरक फक्त लांबीचा. साखळ्या पुरेशा लांब असल्या की एकमेकींत अडकतात, घाव बसला की सरकतात, ताणल्या जातात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. आखूड झाल्या की नुसत्या एकमेकींतून निसटतात, आणि तडा सरळ आरपार जातो.

ही लांब साखळीची कल्पना आज शाळेच्या पुस्तकात असते, पण १९२० साली हेरमान श्टाउडिंगर यांनी ती मांडली तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या बऱ्याच रसायनज्ञांना ती पटली नव्हती. रबर किंवा सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे पुंजके, असंच मानलं जात होतं. श्टाउडिंगर यांनी आपला मुद्दा धरून ठेवला, आणि द्रावणाचा घट्टपणा (वाहण्याला होणारा विरोध) मोजून साखळीच्या लांबीचा अंदाज घेण्याची वाट दाखवली. त्यांना नोबेल मिळालं १९५३ साली. हेरमान श्नेल यांनी जर्मनीत बायर कंपनीत पॉलीकार्बोनेट बनवलं तेही त्याच वर्षी. मला हा योग फार आवडतो, कारण आमचं उत्तर शेवटी घट्टपणा मोजूनच मिळालं.

समोरचे पर्याय

दुसऱ्या बैठकीत पाच सूचना टेबलावर होत्या.

कारखान्याच्या मालकांचं म्हणणं, पुरवठादाराची ही खेप परत करावी. कागदावर आधार मात्र काहीच नव्हता.

साचा विभागाच्या प्रमुखांना आतला ताण सतावत होता. चार पोकळ्यांत वितळलेला माल लांबून जातो, थंड होताना साखळ्या ताणलेल्या अवस्थेत गोठतात, म्हणून बॅरलचं (माल वितळवणाऱ्या नळीचं) तापमान वाढवावं, माल पातळ होईल आणि साचा आरामात भरेल. हा तर्क ऐकायला इतका पटण्याजोगा होता की आम्ही लगेच २९५ अंशांवरून ३१० वर गेलो. पुढच्या आठवड्यात तक्रारी वाढल्या.

तिसरी सूचना: तयार झाकणं १२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून ताण घालवावा. याला मी विरोध केला. पॉलीकार्बोनेटचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते, १४७ ते १५० अंश. त्याच्या खाली बराच वेळ तापवलं की ताण कमी होतो हे खरं, पण साखळ्या अधिक दाटीने बसतात आणि पदार्थाची घाव सोसण्याची ताकद उलट घटते.

चौथी: जास्त रेणुभाराची श्रेणी मागवावी. साखळी लांब, ताकद जास्त. पण वितळलेल्या पॉलिमरचा घट्टपणा भार-सरासरी रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घातात वाढतो. साखळी दहा टक्के लांब झाली तर घट्टपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. आमचा नवा साचा त्याने भरला असता की नाही, शंकाच होती.

पाचवी सूचना सगळ्यांना सोयीची होती: ग्राहकाचं सफाईचं द्रव दोषी आहे. पॉलीकार्बोनेटला काही द्रावकं आणि अल्कधर्मी साबण खरोखरच मानवत नाहीत. ताणाखाली असलेल्या भागात असं द्रव शिरलं की साखळ्या न तुटताही सुट्या होतात आणि तडे जातात. ग्राहकाला पत्र लिहायचा मसुदाही तयार झाला होता.

तो मसुदा थांबला एका साध्या प्रयोगामुळे. यंत्रातून नुकतीच निघालेली, कुणी पुसलेलीही नाहीत अशी दहा झाकणं घेऊन त्यांच्यावर ठरलेल्या उंचीवरून वजन टाकलं. सात फुटली, आणि तीही तशीच, काचेसारखी. ज्या झाकणाला द्रवाचा स्पर्शच झाला नव्हता तेही फुटत होतं. म्हणजे मूळ कारण आमच्याच छताखाली होतं. त्या दिवशी ग्राहकाला दोष देणारं पत्र गेलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

पहिली चाचणी आणि तिने केलेली दिशाभूल

साखळीची लांबी मोजायची ठरली. कारखान्यात त्यासाठी एकच साधन असतं, मेल्ट फ्लो यंत्र. ३०० अंशांना वितळलेला माल १.२ किलो वजनाखाली बारीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतो ते मोजायचं. साखळ्या आखूड तर माल पातळ, आकडा मोठा.

दाण्यांच्या कागदावर आकडा होता १०. आमच्या मोजणीत दाण्यांचा आला १९ आणि फुटलेल्या झाकणाचा ३१.

मालकांना हवं ते मिळालं. दाण्यांचाच आकडा जवळजवळ दुप्पट, म्हणजे खेप खराब. पुरवठादाराला फोन झाला, सूर चढला. त्यांच्या तंत्रज्ञाने शांतपणे एकच विचारलं: “चाचणीआधी दाणे वाळवले होते का?”

नव्हते वाळवले. दाणे प्रयोगशाळेत उघड्या वाटीत दोन दिवस पडून होते. यंत्राच्या ३०० अंशांच्या नळीत त्यांच्यातल्याच ओलाव्याने त्यांच्या साखळ्या तोडल्या, आणि आम्ही तो आकडा दाण्यांचा दोष म्हणून वाचला. मोजणीच पदार्थ बिघडवत होती.

दाणे आणि तुकडे दोन्ही १२० अंशांना चार तास वाळवून पुन्हा मोजलं. दाणे १०.४. झाकण २२.६. दाणे चोख होते. साखळ्या आमच्या यंत्रात तुटत होत्या. पुरवठादाराची माफी मागायला मालक स्वतः गेले.

पाणी साखळी कशी तोडतं

पॉलीइथिलीनची साखळी नुसत्या कार्बनची असते. पाण्याला तिथे धरायला काही सापडत नाही, म्हणून ते दाणे सहसा न वाळवताही चालतात. पॉलीकार्बोनेट, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), नायलॉन यांच्या साखळीत मात्र ठरावीक अंतरावर कार्बोनेट, एस्टर किंवा अमाइड जोड असतात. वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा रेणू त्या जोडावर हल्ला करतो. पॉलीकार्बोनेटमध्ये जोड तुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एका साखळीच्या दोन होतात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात.

आकडेमोड मी त्या रात्री घरी बसून केली, आणि तेव्हा कुठे सगळं जागेवर बसलं. २२.६ भागिले १०.४ म्हणजे २.१७ पट. ३.४ च्या घाताने उलटं मोजलं तर भार-सरासरी साधारण २० टक्क्यांनी घटलेली. तोड साखळीत कुठेही होते असं धरलं तर संख्या-सरासरीही तेवढीच घटते, म्हणजे दर चार साखळ्यांमागे फक्त एक तोड, चाराच्या पाच. चार साखळ्यांत दोनशेहून थोडे जास्त जोड असतात. दोनशे जोडांतला एक तुटला होता. इन्फ्रारेड वर्णपट सगळ्या जोडांची मिळून एक छबी दाखवतो. त्यात अर्ध्या टक्क्याचा फरक कुठून दिसणार? अहवाल ‘पदार्थ तोच’ म्हणत होता आणि पदार्थ खरंच तोच होता.

मग पाणी किती लागलं? एका ग्रॅममागे साडेअठरा मायक्रोमोल तोडी, तेवढेच पाण्याचे रेणू: वजनाने ०.०३३ टक्के. वाळवलेल्या पॉलीकार्बोनेटसाठी ओलाव्याची मर्यादा ०.०२ टक्के सांगतात. तेवढ्यानेही, सगळं पाणी कामी आलं तर, सात साखळ्यांमागे एक तुटते. साध्या हवेत पडलेल्या दाण्यांत सहज ०.१५ टक्के ओलावा असतो, आणि तो सगळा कामी आला तर प्रत्येक साखळीला एकाहून जास्त तोड. आमचा ओलावा या दोन टोकांच्या मधला होता. साखळ्या तोडायला पुरेसा, पण वाफेच्या चंदेरी रेघा उमटवायला अपुरा.

काय केलं

आता प्रश्न एवढाच उरला की यंत्रात जाण्याआधी दाणे वाळवणारा ड्रायर चालू असताना ओलावा येतो कुठून. पडद्यावर १२० अंश कायम दिसत होते. पर्यवेक्षक प्रत्येक पाळीत तो आकडा इमानाने लिहीत होते.

उत्तर वजनकाट्यावर सापडलं. ड्रायरच्या हॉपरमध्ये, म्हणजे दाणे भरायच्या टाकीत, ५० किलो दाणे मावत. जुना साचा तासाला साडेबारा किलो माल खायचा, म्हणजे दाणा चार तास वाळून खाली पोहोचायचा. नवा साचा तासाला २५ किलो खातो. दाण्याला मिळत होते दोन तास. साचा बदलला त्या दिवशी हा भागाकार कुणीच केला नव्हता.

शिवाय ड्रायरमधल्या हवेतला ओलावा टिपणारे शोषक मणी पुन्हा कोरडे करणारा हीटर बंद पडला होता. हवा गरम होती, कोरडी नव्हती. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं ते; हवा जितकी कोरडी तितका तो खाली) उणे ३० अंशांच्या खाली हवा, तो मोजला तर शून्याच्याही वर. यंत्राच्या तोंडाशी दाण्यांचा ओलावा भरला ०.०५ टक्के.

आणखी एक गोष्ट घरातलीच. साच्याच्या नळ्यांत राहिलेला माल दळून आम्ही २० टक्के परत मिसळत होतो. तो माल एकदा तुटलेल्या साखळ्यांचा, पुन्हा ओल्याने वितळला की पुन्हा तुटणार. चांगल्या दिवसांत हे खपून जातं, या दिवसांत नाही.

इथे एक कठीण निर्णय होता. जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीने रेणुभार थेट मोजून घ्यावा आणि मगच खर्च करावा, असं एक मत होतं. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते. आम्ही नमुने पाठवले, पण वाट पाहिली नाही. १०० किलोचा हॉपर बसवला, हीटर बदलला, बॅरल पुन्हा २९५ अंशांवर आणला, दळलेला माल या झाकणांतून पूर्ण बंद केला. ड्रायरवरून येणारे दाणे उघड्या पिंपातून नेण्याची पद्धतही थांबवली, कारण कोरडे दाणे दमट हवेत अर्ध्या तासात पुन्हा मर्यादेबाहेर जाऊ शकतात.

परिणाम

तिसऱ्या दिवसापासून झाकणांचा मेल्ट फ्लो १२ च्या आसपास स्थिरावला. वजन टाकण्याच्या चाचणीत दहापैकी एकही फुटलं नाही. झाकणाला खड्डा पडला, कडेला पांढरी ओढ आली, तडा गेला नाही. क्रोमॅटोग्राफीचा अहवाल नंतर आला: दाणे २७,०००, फुटलेली झाकणं २१,५००. मेल्ट फ्लोवरून काढलेला अंदाज बरोबर ठरला.

सफाईच्या द्रवाचा मुद्दा पूर्ण खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. जुनी, आखूड साखळ्यांची झाकणं त्या द्रवाने पुसल्यावर लवकर तडकत होती, नवी तग धरत होती. गुंता सैल असला की द्रावकाला वाट सोपी होते. ग्राहकाला आम्ही दोन्ही गोष्टी जशा होत्या तशा कळवल्या.

साठ्यातल्या हजारो झाकणांचं काय करायचं, हा मालकांचा प्रश्न साहजिक होता. “पुन्हा वाळवून दळली तर?” त्यांनी विचारलं. पीईटी आणि नायलॉनमध्ये घन अवस्थेतच, निर्वातात तापवून साखळ्या पुन्हा वाढवता येतात, पण त्याला वेगळी यंत्रणा लागते. आमच्या झाकणांत तर जोडातला कार्बन डायऑक्साइड कधीच उडून गेलेला. वाळवल्याने पाणी जातं, तुटलेली साखळी सांधत नाही. सगळा साठा भंगारात गेला. इतके स्वच्छ, चमकदार नग फेकताना कामगारांच्या चेहऱ्यावरची हळहळ मला अजून आठवते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच दिवशी वजन टाकून बघायला हवं होतं. त्या दहा मिनिटांच्या कामाला आम्ही दोन आठवडे उशीर केला, कारण समोर वर्णपटाचा भारदस्त अहवाल होता.

बॅरलचं तापमान वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: साखळ्या तुटत असतील तर जास्त उष्णतेने काय होईल? आतल्या ताणाची कल्पना वाईट नव्हती, पण ती न तपासता अमलात आणली आणि त्या आठवड्याचा माल सर्वांत ठिसूळ निघाला.

प्रत्येक खेपेचे थोडे दाणे हवाबंद डब्यात राखून ठेवले असते तर पुरवठादाराशी वाद झालाच नसता. आता ठेवतो. साचा बदलण्याच्या यादीत आता हॉपरचा भागाकारही लिहिलेला आहे. ड्रायरच्या नोंदीत तापमानाशेजारी दवबिंदूचा रकाना आला आहे, आणि दर पाळीला एका झाकणाचा मेल्ट फ्लो मोजला जातो, तुकडे आधी वाळवून.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. दाण्यांपेक्षा झाकणाचा आकडा एक तृतीयांशापर्यंत वाढला तर सहसा चालवून घेतात, म्हणजे आमच्यासाठी १४ पर्यंत. हीटर नेमका कधी बंद पडला ते कळत नसल्याने, आधीच्या काही आठवड्यांतल्या राखीव नगांची तपासणी केली तेव्हा एका गटाचा आकडा १५ ते १६ निघाला. वजन टाकल्यावर दहापैकी एकही फुटलं नाही. मालकांच्या मते ती झाकणं चांगली होती. मी म्हटलं, स्क्रूखाली वर्षानुवर्षं दाबून राहिल्यावर काय होईल ते आपल्या एका घावात दिसत नाही. ती झाकणं तेव्हा ग्राहकाच्या यंत्रांवर बसलेली होती. शेवटी मालकांनीच फोन उचलला आणि ती बदलून द्यायचं कबूल केलं. परत आलेल्यांपैकी वीस झाकणं मी पूर्ण आवळलेल्या स्क्रूंसह प्रयोगशाळेच्या फळीवर लावून ठेवली आहेत. दर महिन्याला भोकांच्या कडा भिंगाखाली बघते आणि तारीख लिहिते.